योस्त डॉक्टरांचा कलकत्त्याचा पाहुणा

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "ट्युलिप पाहिलेत का?" पाहिले. शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे रांगेत उभे होते, सुंदर होते, फोटो लेकीच्या फोनमध्ये आहेत. पवनचक्क्याही पाहिल्या. पण मी तिकडे जाऊन हाडं निवडत बसले होते असं सांगितलं की लोक आधी हसतात, आणि पुढचं ऐकलं की त्यांचा चहा गार होतो. म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी सांगलीची. जन्मभर मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवली. निवृत्त झाले तरी पायाची भिंगरी काही थांबली नाही. लेक मुग्धा आणि जावई समीर नेदरलँड्समध्ये न्यूनेनला राहतात, दोघेही आयटीत, आठ वर्षांची इरा ही त्यांची मुलगी. मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. ह्यांनी नेहमीप्रमाणे गुडघे पुढे केले आणि सांगलीतच राहिले.

न्यूनेन

आइंडहोवनजवळचं हे गाव फार शांत. सांगलीत दारावरची बेल वाजली नाही असा तास जात नाही. इथे बेल वाजली की मुग्धा दचकून विचारते, "आज कोणी येणार होतं का?" माणसं एकमेकांच्या घरी जातात ती आठवडाभर आधी ठरवून. मला ही शांतता सोसेना. पहिल्या दोन दिवसांत मी मुग्धाचं स्वयंपाकघर लावून टाकलं, समीरचे मोजे जोड्या लावून ठेवले आणि बागेतलं तण म्हणून जे काही उपटलं ते तण नव्हतं असं नंतर कळलं.

"आई," मुग्धा शेवटी म्हणाली, "शेजारी योस्त आहेत. रिटायर्ड डॉक्टर. त्यांना मी तुझ्याबद्दल सांगितलंय, त्यांनी तुला उद्या साडेदहाला कॉफीला बोलावलंय. तू जा. आणि प्लीज, माझे मसाल्याचे डबे होते तिथे परत ठेव."

योस्त डॉक्टर ऐंशीच्या पुढचे, ताडमाड उंच, बायको जाऊन काही वर्षं झालेली. गावातल्या लोकांचे ते हाउसआर्ट्स, म्हणजे घरचे डॉक्टर. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. "मला योस्त म्हणा," असं त्यांनी दोनदा बजावलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभ टाळूला चिकटते. मी 'डॉक्टर'च म्हणत राहिले. कॉफीबरोबर त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला, मी एक घेतलं, आणि डब्याचं झाकण टक्कन लागलं. डबा परत फडताळात गेला. आग्रह नावाची गोष्ट या देशात जन्मालाच आलेली नाही.

निघताना मात्र त्यांनी पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसची जुडी हातात ठेवली. आपल्याकडे आंब्यासाठी वेडे होतात तसे त्या भागातले लोक मे महिन्यात या दांड्यांसाठी होतात. मी मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून मस्त भाजी केली आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर नेऊन दिली. त्यांनी एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "मला नाही आवडली."

आपल्याकडे असं कोणी म्हटलं असतं तर दोन पिढ्यांचं येणं-जाणं बंद झालं असतं. मला राग आला, मग हसूही आलं. पुढे बोलता बोलता कळलं की त्यांनी डॉक्टरकीही अशीच केली. पेशंटच्या डोळ्यांत बघून ते सांगायचे, तुमच्याकडे आता थोडेच महिने आहेत, कामं उरकून घ्या. मी त्यांना आमच्या घरची गोष्ट सांगितली. माझ्या सासऱ्यांना कॅन्सर होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना शेवटपर्यंत अल्सर सांगितला. तेही शेवटपर्यंत अल्सर असल्यासारखेच वागले. योस्त डॉक्टरांनी हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे त्यांना निरोप घेता आला नाही," ते म्हणाले. मला ते लागलं आणि मी विषय बदलला.

अभ्यासिका

"आता तुम्हाला एक दाखवतो," म्हणून ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. दाराआड सांगाडा उभा होता. खरा. पितळी तारांनी बांधलेला, पिवळट पडलेला, जबड्याला स्प्रिंग. स्टँडच्या तळाशी छोटी पट्टी होती. विकणाऱ्याचं नाव झिजून गेलेलं, खाली फक्त 'कलकत्ता' एवढं वाचता येत होतं. परदेशात आपल्याकडचा माणूस दिसला की "तुम्ही कुठले?" हे आपल्या तोंडून निघतंच. तसं ते माझ्या ओठांवर आलं होतं, खोटं कशाला सांगू.

विद्यार्थी असताना योस्त डॉक्टरांनी तो विकत घेतला होता. लग्न झाल्यावर बायकोने त्याचं नाव पीटर ठेवलं. नाताळात त्याच्या गळ्यात लाल मफलर असायचा. त्यांची मुलं त्याच्या बरगड्या मोजत आकडे शिकली.

"शनिवारी मी वृद्धाश्रमात राहायला चाललोय," ते म्हणाले. "गुरुवारी विद्यापीठाची बाई याला न्यायला येईल. पण कलकत्त्याच्या या सांगाड्यांच्या धंद्याबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलं आणि तेव्हापासून मला या खोलीत बसवत नाही. तुम्ही यातल्या जाणकार आहात. मला सांगा, याला मारलं होतं का?"

प्रश्न वेड्यासारखा वाटेल, पण तो वेडा नाही. शरीर शिकायचं तर शरीर लागतं, आणि ते मिळत नव्हतं तेव्हा लोकांनी काय काय केलं हे मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचे. दोनशे वर्षांपूर्वी एडिंबरामध्ये दोघा जणांनी एक खाणावळवजा लॉज चालवलं होतं. तिथला एक म्हातारा आपणहून मेला, त्याचं प्रेत त्यांनी शरीरशास्त्राच्या एका नामांकित शिक्षकाला विकलं. चांगले पैसे आले. मग माणसं आपणहून मरायची वाट कोण बघत बसणार? गरीब, एकटे, कुणी शोधायला येणार नाही असे लोक हेरायचे, दारू पाजायची, एकाने छातीवर बसायचं, दुसऱ्याने नाक-तोंड दाबायचं. अंगावर खूण राहत नाही. माल ताजा. शिक्षकांनी कधी विचारलं नाही की आणता कुठून. माझी मुलं ही गोष्ट डोळे विस्फारून ऐकायची, आणि पुढचा तास डुलक्या न काढता बसायची. मला तेवढंच हवं असायचं.

कलकत्त्याचं असं की तिथून जगभर सांगाडे जायचे. घाटावरचे, कबरींतले, इस्पितळातले बेवारस. ऐंशीच्या दशकात असा आरोप झाला की लहान मुलांना पळवून, मारून हाडं विकली जातायत. त्यातलं सिद्ध किती झालं ते मला नीट ठाऊक नाही, पण परदेशी विक्रीवर बंदी आली. आम्हीही शिकताना सीनियरकडून हाडांचा सेट घ्यायचो, कॉटखाली ठेवायचो, स्नायूंच्या जागा लाल-निळ्या रंगवायचो. ती हाडं कुणाची, हा प्रश्न कुठल्याच परीक्षेला नव्हता.

"मला जरा विचार करू द्या," मी योस्त डॉक्टरांना म्हटलं. विचारबिचार काही करायचा नव्हता. मला त्या खोलीतून पळायचं होतं.

घरी येऊन मुग्धाला सांगितलं तर ती स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "आई, आधी आंघोळ कर. मग आत ये."

"अगं, माझा जन्म गेला हाडांत."

"हो, आणि तेव्हाही आजी तुला आधी आंघोळीलाच पाठवायची."

लेक आयटीत कितीही पुढे गेली तरी सोवळं तिने सांगलीहून सोबत आणलेलं दिसलं. जेवताना तिने तोडगाही काढला. "सांगून टाक ना, नॅचरल डेथ म्हणून. एवढे म्हातारे आहेत बिचारे. शांतपणे जाऊ देत तिकडे. चेक कोण करणार आहे?"

"बट इज इट ट्रू, आजी?" इराने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कधी इंग्रजीत तर कधी डचमध्ये येतं.

"गप जेव," मी म्हटलं.

लायडन

एका जागी बसवेना म्हणून मी लायडनला जायचं काढलं. तिथे एका संग्रहालयात जुनं शवविच्छेदनगृह जसंच्या तसं पुन्हा उभं केलंय हे मला माहीत होतं. मुग्धाने सुटी घेतली. गाडीत बसल्यावर मी तिला एडिंबराची गोष्ट रंगवून सांगायला लागले. छातीवर बसण्याचा भाग आला तेव्हा मी हातवारे करत होते. समोरच्या बाईंनी न बोलता खिडकीच्या काचेवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, हा शांततेचा डबा आहे. रेल्वेत गप्प बसायला वेगळा डबा असतो हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मुग्धा लाजेने लाल झाली. उरलेले खून मी तिला लायडनला उतरल्यावर सांगितले.

ते विच्छेदनगृह म्हणजे लाकडी गोल पायऱ्या, एकावर एक, आणि मधोमध टेबल. हिवाळ्यात इथे फाशी दिलेल्यांची प्रेतं फाडत आणि लोक तिकीट काढून बघायला येत. उन्हाळ्यात प्रेत टिकत नसे, मग पायऱ्यांवर माणसांचे आणि जनावरांचे सांगाडे उभे करत, हातात निशाणं देऊन. निशाणांवर लॅटिनमध्ये लिहिलेलं, तूही मरणार आहेस. फाशी गेलेल्या चोराकडून इतरांना उपदेश करवून घ्यायचा, ही मला कमालच वाटली. घाटावर निदान कोणी भाषण करायला लावत नाही.

मी वर-खाली करत होते. एका पायरीवर वळताना माझा पाय एका सांगाड्याच्या चौथऱ्याला लागला. आपल्याला पाय लागला की हात आपोआप पुढे जातो. मी वाकले, त्याच्या पायांना बोटं लावली आणि ती कपाळाला नेणार तेवढ्यात घंटा घणघणायला लागली. पहारेकरी धावत आला.

"हात का लावलात?"

"माझा पाय लागला म्हणून."

"पाय लागला तर हात कशाला?"

याचं उत्तर इंग्रजीत कसं देणार? मुग्धाने कसंबसं समजावलं की आई त्याची माफी मागत होती. पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, सांगाड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. पण आता लांबून मागा."

बाहेर बाजारात पॉफर्चेस खाल्ले. आपल्या आप्प्यांसारखेच, फक्त वर लोण्याचा गोळा आणि पिठीसाखर. मुग्धा फोटो काढत होती, माझं मन मात्र न्यूनेनला होतं. ज्या सांगाड्याला मी नमस्कार केला त्याची निदान पाटी होती, कोण, कशाबद्दल फासावर गेला. पीटरला नमस्कार करायचा माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. "चल, घरी जाऊ," मी म्हटलं. पाहायचं बरंच राहिलं, ते राहिलंच.

जेवणाचं टेबल

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळबिळ न ठरवता मी योस्त डॉक्टरांची बेल वाजवली. "त्याला खाली उतरवा," मी म्हटलं. "उभ्याने तपासता येत नाही."

त्यांनी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली आणि पक्कड आणली. ते तारा कापत गेले, मी हाडं मांडत गेले. आमच्याकडे तोंडी परीक्षेत पिशवीत हाड ठेवून, न बघता, नुसत्या हाताने ओळखायला लावतात. मुलं घाम गाळतात. मी शिकवणारी असल्याने माझी बोटं डोळ्यांच्या आधी बोलतात. मांडीचं हाड उचललं आणि कमरेच्या खोबणीत गोळा बसवून बघितला. बसेना. खोबणीच्या कडेवर कानशीचे ओरखडे होते. कोणीतरी ती घासून, तारेने ओढून गोळा आत बसवला होता.

कमरेचं हाड बाईचं होतं. मोठ्या, वाढ पूर्ण झालेल्या बाईचं. मांड्यांची आणि हातांची हाडं दणकट, गुडघ्यांना झीज, ओझी वाहिलेल्या पुरुषाची. मग मी कवटी उलटी केली. तिच्या तळाशी एक सांधा असतो, तो मिसरूड फुटायच्या वयात भरत येतो. हा उघडा होता. अक्कलदाढा अजून जबड्याच्या हाडातच होत्या.

मी खाली बसले.

"काय झालं?" योस्त डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, हा पीटर नाही. ही तीन माणसं आहेत. एक बाई, एक पुरुष आणि एक पोर. विकणाऱ्यांनी असतील ते भाग जोडून एक सांगाडा केलाय."

"पोर? मुलगा की मुलगी?"

"या वयात कवटीवरून सांगता येत नाही."

त्यांनी कवटी उचलून स्वतः उलटी करून पाहिली. "मी डॉक्टर आहे. मला हे दिसायला हवं होतं."

"तारेत बांधलेलं असलं की दिसत नाही. मलाही उतरवल्यावरच दिसलं."

"आणि त्या पोराला मारलं होतं का?"

मुग्धाचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तापाने गेलं असेल, तेव्हा साथी फार असायच्या, असं म्हटलं असतं तर ते खोटं ठरवायला जगात कोणी नव्हतं. पण समोरच्या माणसाने मला भाजी आवडली नाही हेसुद्धा तोंडावर सांगितलं होतं. त्याला अल्सर सांगायचा मला धीर झाला नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "हाडांवर घाव नाही, मोडल्याची खूण नाही. पण नाक-तोंड दाबून मारलं तर हाडाला काहीच कळत नाही. तसं मारायचं कारणच ते असतं."

"जिभेखालचं हाड? गळा दाबला की मोडतं ते?"

"ते इथे नाहीच. असतं तरी त्यावरून ठरलं नसतं."

"म्हणजे कधीच कळणार नाही."

"नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मोठ्या दोघांचं मी काही सांगू शकत नाही. पोराची मला भीती वाटते, डॉक्टर." एवढं बोलले आणि मला रडू आलं. इतकी वर्षं हाडं हातात घेऊन शिकवलं, कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. योस्त डॉक्टर माझ्या शेजारी बसले. त्यांचेही डोळे भरले होते, आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

"खरं सांगितलंत," ते म्हणाले. "हे फार वाईट आहे. पण खरं सांगितलंत."

मग आम्ही तिघांना वेगळं केलं. दुपार त्यातच गेली. बोटांची काही हाडं कुणाची हे ठरेना, ती मी पुरुषाच्या ढिगात ठेवली. मोठ्याने सांभाळायचं असतं. त्यानंतर मी घरी जाऊच शकले नाही, सायकलींच्या रस्त्याने गावाला चकरा मारत राहिले, आणि मागून घंट्या वाजवणाऱ्यांची बोलणी खाल्ली.

गुरुवार

विद्यापीठाची बाई वेळेवर आली. तरुण, मऊ बोलणारी, हातात एक लांबट करडं खोकं. टेबलावरचे तीन ढीग बघून ती गोंधळली. योस्त डॉक्टरांनी तिला सगळं, मलाही कळावं म्हणून इंग्रजीतून, समजावलं.

"हे महत्त्वाचं आहे, मी लिहून घेते," ती म्हणाली. "पण मी एकच खोकं आणलंय. आमच्याकडे एक सांगाडा अशी नोंद आहे. आता यात ठेवू, तिकडे गेल्यावर बघून वेगळे करतील."

"कोण करेल? कधी?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही, मेनेर." मेनेर म्हणजे साहेब.

"मग यात एकच जाईल," योस्त डॉक्टर म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

घर रिकामं झालेलं होतं. जेवणाचं टेबल तेवढं सोडून फर्निचर मुलांनी नेलं होतं, बाकीचं जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलं होतं. वृद्धाश्रमातली खोली एवढीशी. म्हणून त्यांनी स्वतःसाठी दोनच खोकी भरली होती. ती त्यांनी एकामागून एक ओढत बाहेर आणली, मला मदत करू दिली नाही. पहिलं उलटं केलं. शर्ट, स्वेटर, दाढीचं सामान फरशीवर पसरलं. दुसऱ्यातून रेडिओ निघाला, बायकोचा फोटो निघाला, मुलांनी लहानपणी काढलेली चित्रं निघाली. रिकामी खोकी त्यांनी हाताने पुसली, तळाला आपले दोन स्वेटर घड्या करून घातले आणि मला म्हणाले, "पोराला आधी ठेवा."

"पण तुमचं सामान, मेनेर?" ती बाई म्हणाली.

"मला पिशव्या चालतील."

तिने आपल्या कागदावर एकाच्या जागी तीन केले.

शनिवारी त्यांना पोहोचवायला समीरने गाडी काढली. ते पुढे बसले, मांडीवर बायकोचा फोटो. मागच्या सीटवर माझ्या शेजारी सुपरमार्केटच्या पिशव्या होत्या, गच्च भरलेल्या. प्रत्येक वळणाला त्यातून शर्टांच्या बाह्या बाहेर लोंबायच्या, आणि मी त्या रस्ताभर आत कोंबत होते.